फेरेटला उपाशी ठेवू नका

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्य डॉक्टरांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत कुत्री कमी आणि फेरेट जास्त आहेत. ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हा प्राणी माणसाळवला, तो मुख्यतः बिळातले ससे हुसकायला. दिसायला मुंगसासारखा, पण मुंगूस त्याचं कोणी लागत नाही. गोव्यातल्या चोडणच्या खाजणात दिसतो तो हूद, म्हणजे पाणमांजर, त्याचा खरा भाऊबंद. आणि कोणी 'मग मुंगूसच पाळतो' म्हणाला, तर मुंगूस पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हेही इथेच सांगून टाकते.

डॉक्टर, आमच्याकडे दोन फेरेट आहेत. बिस्किट साडेतीन वर्षांचा नर, वजन सव्वा किलो. चिमी दहा महिन्यांची. दोघांनाही सुरुवातीपासून मांजराच्या पिल्लांचे पॅकेटमधले दाणे घालतो. दाण्यांमुळे फेरेटच्या स्वादुपिंडात गाठी होतात, कच्चं मांसच द्यायला हवं, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. म्हणून बोनलेस चिकन आणलं. चिमीने तुकडा उचलला आणि सोफ्याखाली पळाली. बिस्किटने हुंगून तोंड फिरवलं. कालपासून त्याचे दाणे बंद केलेत, भूक लागली की खाईल म्हणून. किती दिवस थांबावं? आमच्याकडे डुकराचं मांस आणि तिसऱ्याही नेहमी असतात, ते चालेल का?
— अ. प्र., पर्वरी

आधी बिस्किटच्या वाटीत दाणे घाला, मग पुढचं वाचा.

'भूक लागली की खाईल' हा आपल्याकडचा घरोघरचा उपाय आहे, आणि भाजी न खाणाऱ्या पोरांवर तो चालतोही. फेरेटवर चालत नाही. त्याचं आतडं आखूड, अन्न रेंगाळेल अशी जागाच त्यात नाही. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. म्हणून तो दिवसरात्रीत सात-आठ वेळा उठून थोडं थोडं खातो आणि पुन्हा झोपतो. दिवसभर पोट रिकामं राहिलं तर रक्तातली साखर खाली येते. अंगाने भरलेला असेल तर साठलेली चरबी यकृतावर चढते, आणि त्या दुखण्यातून प्राणी बाहेर काढणं फार कठीण. शिवाय ज्या गाठींची तुम्हाला भीती वाटते त्या साधारण याच वयापासून पुढे दिसू लागतात. गाठ आत असेल आणि आपल्याला पत्ता नसेल, तर उपास हाच त्याच्यासाठी सगळ्यात मोठा धोका.

बिस्किट हट्टीपणा करत नाहीये. फेरेटची नजर यथातथाच. अन्न ओळखायचं ते नाकाने. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ज्या वासाचं खाणं मिळालं, तेवढंच त्याच्या लेखी अन्न. साडेतीन वर्षं दाणे खाल्लेल्या फेरेटपुढे चिकनचा तुकडा ठेवला काय आणि साबणाची वडी ठेवली काय, दोन्ही सारखंच. चिमीचं वय अजून लवचीक आहे, म्हणून तिने उचललं.

आता गाठींविषयी. या गाठीला इन्सुलिनोमा म्हणतात; ती इन्सुलिन सोडते आणि रक्तातली साखर उतरवते. अमेरिकेतल्या मध्यमवयीन फेरेटमध्ये ती पुष्कळ आढळते, आणि दाण्यांमधला स्टार्च हे त्यामागचं एक कारण असावं असं अनेक डॉक्टरांना वाटतं. मलाही तो संशय रास्त वाटतो, कारण हा प्राणी निखळ मांसाहारी आहे. पिष्टमय पदार्थ पचवण्यासाठी त्याचं शरीर बनलेलंच नाही. पण संशय वेगळा आणि सिद्ध झालेली गोष्ट वेगळी. आनुवंशिकतेचा वाटाही त्यात असू शकतो. तेव्हा दाणे म्हणजे विष असं समजून घाबरू नका. कोणते दाणे, ते आधी पाहा.

पाकिटावर पिष्टाचा आकडा छापलेला नसतो, तो आपण काढायचा. समजा लिहिलंय: प्रोटीन ३४, चरबी १५, तंतू ३, ओलावा १०, आणि राख, म्हणजे खनिजं, ८. बेरीज ७०. शंभरातून उरले ३०, तो पिष्टाचा वाटा. फेरेटसाठी प्रोटीन ३५ च्या वर, चरबी २० च्या आसपास आणि तंतू ३ च्या आत असलेले दाणे शोधा. घटकांच्या यादीत पहिली दोन-तीन नावं मांसाची हवीत. 'धान्यविरहित' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल तर पाकीट उलटून पाहा. बऱ्याचदा गव्हाच्या जागी वाटाणा आणि डाळी घातलेल्या असतात. तशा दाण्यांवर ठेवलेल्या फेरेटमध्ये मूत्राशयात सिस्टीनचे खडे सापडलेले आहेत. आणि आपल्या हवेचंही लक्षात ठेवा. जुलैत उघडं पाकीट आठ-दहा दिवसांत सादळतं, त्यातली चरबी खवट होते. लहान पाकीट घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

तुमच्या पत्रातला एक शब्द मात्र मला दाण्यांपेक्षा जास्त खटकला: बोनलेस.

कच्चं द्यायचं ठरवणारे बहुतेक लोक इथेच अडखळतात. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. शरीराला दोन्ही जवळजवळ सारख्या प्रमाणात लागतात, कॅल्शियम थोडं जास्तच. ते खाण्यातून आलं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे म्हापशाहून मांजराचं एक पिल्लू आलं. घरची माणसं हौशी, त्याला रोज छातीचं चिकन आणि वर कलेजी. खुर्चीवरून उडी मारली आणि मागचा पाय मोडला. एक्स-रेमध्ये हाडं आणि मांस यांच्या रंगात फरकच दिसेना. जिथे पांढरी रेघ हवी तिथे धुरकट सावली. चिमी अजून कोवळ्या वयाची आहे. तिला महिना-दोन महिने नुसतं बोनलेस घातलंत तर तिचं असंच होऊ शकतं.

रानात हा प्राणी उंदीर किंवा ससा अख्खा खातो: मांस, हाड, हृदय, यकृत, सगळं. आपण बाजारातून तेवढंच जुळवायचं. मोजायला सोपा हिशेब असा: एक किलो खाण्यात साधारण शंभर ते दीडशे ग्रॅम हाड, शंभर ग्रॅम अवयव, त्यातलं निम्मं यकृत, बाकी सगळं मांस. यकृत त्याहून वाढवू नका. अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि तेही हाडांवर उठतं. कोंबडीचं हृदय मात्र जरूर घ्या. त्यात टॉरिन नावाचं पोषकद्रव्य भरपूर, आणि टॉरिन कमी पडलं तर मांसाहारी प्राण्याचं स्वतःचं हृदय कमकुवत होतं. पेठा, म्हणजे कोंबडीचं जठर, मांसात धरा. रोज एकूण किती, तर वजनाच्या पाच ते दहा टक्क्यांच्या दरम्यान. तरुण चिमीला वरच्या बाजूने, बिस्किटला खालच्या.

चिकनच्या दुकानात सकाळी लवकर जा, फळीवर पडून राहिलेलं नको. तुमच्यासमोर कापलेल्या कोंबडीची मान, पंखांची टोकं, कलेजी, हृदय वेगळं मागा. गिऱ्हाइकं सहसा हे नको म्हणतात, त्यामुळे स्वस्तही पडतं. मान कोयत्याने बारीक तोडून घ्या. फार्मचे लावे मिळाले तर उत्तम. त्यांची हाडं मऊ, फेरेटला अख्खी चावता येतात. हाड नेहमी कच्चंच. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतड्यात रुततं, म्हणून रश्श्यातलं उरलेलं हाड कधीच नाही.

डुकराचं मांस कच्चं देऊ नका. त्यातून जंत होतात ते होतातच, पण ऑजेस्की नावाचा एक विषाणूही कच्च्या डुकराच्या मांसातून मांसाहारी प्राण्यांना होऊ शकतो, आणि झाला तर माझ्याकडे औषध नाही. चुरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज, तर शिजवूनही नको: मीठ, मिरची, लसूण, व्हिनेगर, त्यातलं काहीच त्याच्या कामाचं नाही. तिसऱ्या तुम्हीच खा.

बिस्किटला वळवायचं असेल तर वाट नाकातून जाते. त्याचेच दाणे मिक्सरमधून काढून पूड करा. कोंबडीचं मांस पाण्यात उकळा. मीठ, कांदा, लसूण काही नाही. ते पाणी गाळून कोमट झालं की थोडी पूड त्यात कालवा आणि बोटावर घेऊन त्याच्या ओठाला लावा. चाटलं तर दुसऱ्या दिवशी वाटीत थोडं ठेवा, बाजूला नेहमीचे दाणे असतातच. ते आवडीने प्यायला लागला की त्यात तांदळाच्या दाण्याएवढं कच्चं मांस, पुडीत घोळवून. मग तुकडा तुरीच्या दाण्याएवढा. मग पूड कमी. हाड सगळ्यात शेवटी. फ्रीजमधलं गार मांस देऊ नका. वाटी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकं ऊबदार करा, वास सुटतो. मायक्रोवेव्ह नको, हाड शिजतं. याला काही आठवडे लागतील, बिस्किटच्या वयाला कदाचित काही महिने. कोणी 'तीन दिवसांत होतं' म्हणालं तर त्याचा फेरेट लहान असणार.

स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या आणि रोज ठराविक वेळी दोघांचं वजन करून वहीत लिहा. सव्वा किलोच्या बिस्किटचं साठ-सत्तर ग्रॅम उतरलं तर दोन पावलं मागे या. सव्वाशे उतरलं तर दवाखान्यात. शीही पाहत जा. कच्च्यावर आलेल्या फेरेटची शी कमी आणि बिनवासाची होते. बाजरीच्या दाण्यांसारखी खडबडीत झाली तर पचत नाहीये. हिरवी, शेंबडासारखी एक-दोनदा झाली तर थांबून पाहा. डांबरासारखी काळी झाली तर वाट पाहू नका, पोटात रक्तस्राव आहे.

आणि तो सोफा! फेरेट अन्न साठवतो, ती त्याची जात आहे. दाणे लपवले तर मुंग्या येतील, फार तर. मांस लपवलं तर आपल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत तुम्हाला सोफा सरकवावा लागेल, आणि तोवर त्यावर साल्मोनेलाचे जंतू वाढलेले असतील. तुकडा हाती देऊन सोडू नका. फरशीच्या न्हाणीघरात दार लावून खायला घाला, अर्ध्या तासाने उरलेलं उचला, फरशी साबणाने धुवा, मग बाहेर सोडा. घरात पाच वर्षांखालचं मूल, गर्भार बाई किंवा फार थकलेलं माणूस असेल तर मी कच्च्याचा आग्रह धरणार नाही. फेरेट कच्चं खातो आणि त्याच तोंडाने माणसाला चाटतो.

फ्रीझरमध्ये ठेवलं की सगळं मरतं हा समज खोटा. काही जंत मरतात, जिवाणू आणि विषाणू नुसते झोपतात. बर्ड फ्लूचंच घ्या. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ने गेले. पाठोपाठ मध्य प्रदेशात छिंदवाड्याला घरगुती मांजरांमध्येही तो सापडला. फेरेट तर फ्लूच्या बाबतीत कमालीचा हळवा. १९३३ साली लंडनमध्ये माणसाचा इन्फ्लुएंझाचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तोच फेरेटमुळे. आजाऱ्यांच्या घशातलं पाणी त्यांच्या नाकात घातलं आणि ते शिंकू लागले. तेव्हा कोंबड्यांमध्ये साथीची बातमी आली की कच्चं बंद. मांस शिजवून द्या, सगळं हाड काढा, शिजवलेलं पाणी टाकू नका कारण टॉरिन त्यात उतरतं, आणि अर्धा किलो मांसाला अंड्याच्या कवचाची बारीक पूड सपाट अर्धा चमचा मिसळा. तुम्हाला स्वतःला सर्दी-ताप असेल तेव्हाही फेरेटला तोंडाजवळ घेऊ नका, तुमचा फ्लू त्याला लागतो.

आता माझं मत. पूर्ण कच्च्यावर नेण्याची घाई करू नका, कदाचित नेऊच नका. गोव्यात वीज जाते, पावसात तर तासन्‌तास. फ्रीझरमधलं मांस एकदा सैल पडलं की ते पुन्हा गोठवून वापरायचं नसतं. मध्येच गावाला जावं लागतं, प्राणी दुसऱ्याकडे ठेवावा लागतो. आजारी पडला तर दवाखान्यात जे मिळेल ते खावं लागतं. दिवसातून दोनदा हाडासकट मांस आणि मधल्या वेळी वाटीत चांगले दाणे, असा दोन्ही खाणारा फेरेट मला सगळ्यात सुरक्षित वाटतो. चिमीला या वयातच दोन्हींची सवय लावा. बिस्किट मांसाच्या पाण्यापर्यंत आला तरी पुष्कळ झालं.

सुरुवात मात्र दिवाळीनंतर करा. तीस अंशांच्या वर हा प्राणी उन्हाळ्याने आडवा होतो, त्याला घाम येत नाही. मे महिन्यात एसीतही त्याची भूक मंद असते, आणि तेव्हा खाणं बदललंत तर खात नाही ते उकाड्याने की चवीने, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.

डॉक्टर, माझ्या फेरेटला आता मांस आवडायला लागलंय. पण आमच्या घरी श्रावण पाळतात, गणेश चवथीला मूळ घरी सगळे जमतात, तिथे तर मांसाचं नावही नको. सासूबाई म्हणतात, देवाचा नैवेद्य आणि तुझ्या जनावराचं मांस एका फ्रीजमध्ये राहणार नाही. चवथीपुरतं पनीर किंवा दूधभात दिला तर?
— एक सून, फोंडा

सासूबाईंचं म्हणणं मला वावगं वाटत नाही. सोवळ्याचं सोडा, पण ज्या कप्प्यात मोदकांचं सारण त्याच कप्प्यात कच्ची कोंबडी, हे मी माझ्या घरीही चालू देत नाही. जमलं तर मागच्या पडवीत लहानसा वेगळा फ्रीझर ठेवा. नाही जमलं तर श्रावणभर चांगल्या प्रतीच्या दाण्यांवर ठेवा. महिनाभराने त्याचं काही बिघडत नाही. फक्त आषाढ संपायच्या आधी दहा-बारा दिवस दाण्यांचं प्रमाण वाढवत न्या, म्हणजे श्रावणाच्या पहिल्या दिवशी वाटीकडे पाहून रुसणार नाही.

पनीर, दूधभात, दही यांतलं काहीच नको. मोठ्या फेरेटला दूध पचत नाही, जुलाब होतात. भात म्हणजे निव्वळ पिष्ट. चवथीत खरी जपायची गोष्ट वेगळीच. मूळ घरी पोरं पुष्कळ, आणि फेरेटला गोड फार आवडतं. कोणी प्रेमाने नेवरी, म्हणजे करंजी, भरवेल. साखर, खोबरं, वर मनुका. तिन्ही त्याला अपायकारक. शिवाय चवथीला फटाके वाजतात तेव्हा हा बिळात राहणारा प्राणी जिथे फट दिसेल तिथे शिरतो, जुन्या घरात फटींना काय तोटा. तुमचं माहेर जवळ असेल तर चवथीचे दिवस त्याला तिथे ठेवा. दाण्यांचा डबा आणि त्याची झोपायची पिशवी बरोबर द्या.

आमची मांजर फक्त कच्चे तारले आणि बांगडे खाते. जून-जुलैत बंदी असते तेव्हा फ्रीझरमधले देतो. फेरेटला कच्चं चांगलं असं तुम्हीच मागे लिहिलं होतं, मग मांजरीला मासळीही चांगलीच ना?
— र. फ., बेतूल

चांगली, पण रोज नको आणि कच्ची तर मुळीच नको. तारल्यासारख्या बऱ्याच माशांमध्ये थायमिनेझ नावाचा एक घटक असतो, तो ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतो. ताजी असो की फ्रीझरमधली, गोठवल्याने तो जात नाही, शिजवल्याने जातो. १९३० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटातल्या एका फार्मवर कच्चे मासे खाणारे कोल्हे लुळे पडून मेले, तेव्हा हा प्रकार लक्षात आला. त्या फार्मच्या मालकाचं नाव चास्टेक, म्हणून आजारालाही तेच नाव पडलं. मांजरीत आधी भूक जाते. मग ती डोकं छातीकडे वाकवून बसते, चालताना झोकांड्या खाते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, शेवटी झटके. वेळेत आणलीत तर ब-१ च्या इंजेक्शनने एका दिवसातही फरक दिसतो. उशीर झाला तर मेंदूला इजा राहते.

तेलकट मासळी रोज खाल्ल्याने ई जीवनसत्त्वही कमी पडतं. मग कातडीखालची चरबी सुजून पिवळी पडते आणि मांजर पाठीला हात लावू देत नाही. अशी मांजर घरच्यांना 'चिडकी झालीय' असं वाटतं, दुखतंय हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

बांगडा वाफवून, काटे काढून, आठवड्यातून दोनदा द्या. बाकीचे दिवस कोंबडी आणि मांजराचे दाणे. एकदम बदलू नका. वाफवलेल्या बांगड्याचं पाणी नव्या खाण्यावर ओता, हळूहळू त्याचं प्रमाण घटवा. मांजरालाही फार काळ उपाशी ठेवायचं नसतं. दोन दिवस तोंड लावलं नाही तर माझ्याकडे किंवा जवळच्या डॉक्टरकडे न्या.

तुम्ही डॉक्टर लोक कच्च्या मांसाला विरोध करता कारण दाण्यांची पाकिटं तुमच्याच दवाखान्यात विकायला असतात.
— नाव दिलेलं नाही, मडगाव

माझ्या दवाखान्यात पाकिटं विकायला नाहीत, जागाच नाही. पण तुमचा प्रश्न विचारण्यासारखा आहे, तो तुमच्या डॉक्टरांना तोंडावर विचारा. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये कच्चं मांस देऊ नये अशी भूमिका घेतली, ती मुख्यतः माणसांना होणाऱ्या जंतुसंसर्गामुळे. ते कारण मला पटतं. फेरेटला मांस नको, असं मात्र त्यातून निघत नाही.

फेरेटला लस द्यावी लागते का? घराबाहेर तो जातच नाही.
— वाचक, वाळपई

हो. कुत्र्यांचा डिस्टेंपर फेरेटला झाला तर तो वाचत नाही, आणि तो तुमच्या चपलांवरूनही घरात येऊ शकतो. रेबीजचीही द्या. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, म्हणून लस थांबवायची नसते. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. काही फेरेटना रिअॅक्शन येते, ती आली तर बहुधा लगेच येते.

चार वर्षांचा फेरेट. गेला महिनाभर झोपेतून उठला की मागचे पाय ओढतो, एकटक बघत राहतो, लाळ गाळतो, पंज्याने तोंड खाजवतो. खाल्लं की पाच मिनिटांत ठीक. मित्र म्हणतो, दाणे सोडून कच्चं सुरू कर, बरा होईल. कसं सुरू करू?
— दि. ना., वास्को

आता सुरू करू नका. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं रक्तातली साखर उतरल्याची आहेत, आणि या वयात त्याचं पहिलं कारण वर सांगितलेली स्वादुपिंडाची गाठ. मांस घालून गाठ विरघळत नाही. निदान झालं की गोळ्या असतात, साखर टिकवून धरणाऱ्या. काहींना शस्त्रक्रिया करता येते. दोन्हींनी त्याला चांगले दिवस मिळू शकतात. पुढे खाण्यातला पिष्ट कमी करणं, मांस वाढवणं हे फायद्याचंच आहे, पण ते औषध बसल्यावर आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

तोवर घरी एवढं करा. दर तीन तासांनी खाणं, रात्रीही, गजर लावा. उठल्यावर झोकांड्या खाताना दिसला तर बोटावर थेंबभर मध घेऊन हिरडीला चोळा, दातांमध्ये बोट जाऊ देऊ नका. या अवस्थेत त्याला भान नसतं, चावेल. शुद्धीवर आला की लगेच मांस किंवा भिजवलेले दाणे द्या. नुसत्या मधावर सोडलंत तर साखर एकदम चढेल, इन्सुलिन पुन्हा सुटेल आणि तासाभरात तो आणखी खाली जाईल. म्हणून रोजचा मध नको, मल्टिव्हिटॅमिनची गोड पेस्टही नको.

या आठवड्यातच दाखवा. डॉक्टर रक्तातली साखर तपासतील. निरोगी फेरेटची साधारण ९० ते १२५ असते, ६० च्या खाली आली तर संशय पक्का होतो. तपासणीसाठी तीन-चार तास उपाशी आणायला सांगतील, पण तो उपास दवाखान्यातच, त्यांच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. झटका येईल त्या वेळचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा. दवाखान्यात आल्यावर हे प्राणी हटकून ताजेतवाने दिसतात.